आधी घर, मग दत्तक : मुलाचा हक्क कुठून सुरू होतो?

मुलांचे हक्क हा तसा मोठा विषय आहे. आज आम्ही त्यातल्या तीनच गोष्टींवर बोलणार आहोत: अडचणीतल्या कुटुंबाला आधार, दत्तक आणि अत्याचारापासून संरक्षण. या तिन्ही गोष्टींसाठी वेगवेगळी खाती, वेगवेगळे फॉर्म, वेगवेगळे अधिकारी असतात. पण मूल एकच असतं. त्यामुळे त्या एकत्र बघाव्या लागतात.

सुरुवात एका मेसेजपासून करू. २०२१ चा मे महिना आठवा. कोविडची दुसरी लाट चालू होती. त्या दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या व्हॉट्सॲपवर असा काहीतरी मेसेज येऊन गेला असेल: तान्हं बाळ आहे, आईवडील कोविडनं गेले, कुणाला दत्तक हवं असल्यास या नंबरवर फोन करा. काही मेसेजमध्ये बाळाची जातसुद्धा लिहिलेली होती. खाली शेअर करण्याची विनंती. लोकांनी शेअर केलाही, आणि अगदी चांगल्या मनानं केला. आम्हालाही तो आला तो मुलांसाठी जीव तुटणाऱ्या, शिकलेल्या माणसांकडूनच.

आता तो मेसेज नीट बघा. त्यात बाळ आहे आणि फोन नंबर आहे. बाळाला आजी आहे का, मामा-मावशी आहेत का, मोठं भावंड आहे का, हे कुणी विचारलेलं नाही. फोन उचलणारा माणूस कोण, त्याच्या ताब्यात बाळ कसं आलं, हेही नाही. 'हे बाळ कुणाला द्यायचं?' एवढा एकच प्रश्न त्यात आहे. आपले बालहक्काचे कायदे ज्या प्रश्नापासून सुरू होतात तो वेगळा आहे: 'या बाळाला त्याचं घर कसं मिळेल?' ऐकायला फरक लहान वाटतो. पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

दत्तक कुणासाठी?

दत्तक हा शब्द आपल्याला नवा नाही. पण आपल्या इतिहासात दत्तक बहुतेक वेळा मोठ्यांच्या गरजेसाठी घेतलं गेलं. वंश चालावा, श्राद्ध-पिंडदान करायला कुणी असावं, वतन किंवा गादी टिकावी म्हणून. झाशीच्या गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, नात्यातला मुलगा दत्तक घेतला. तो दत्तक मान्य न करता इंग्रजांनी १८५४ मध्ये झाशी खालसा केली, हे आपण शाळेत शिकलो. त्या सगळ्या गोष्टीत त्या लहान मुलाला काय हवं होतं, हा प्रश्न कुठेच येत नाही. तो त्या काळाचा प्रश्नच नव्हता.

पण त्याच शतकात पुण्यात वेगळं काहीतरी घडलं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. गरोदर राहिलेल्या विधवेनं तिथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मग बाळ सोबत न्यावं किंवा तिथेच ठेवून जावं, अशी सोय होती. निर्णय त्या बाईच्या हातात. पुढे १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्यानं आपला म्हणून वाढवायला घेतला. तो यशवंत. मोठा होऊन तो डॉक्टर झाला. इथे क्रम बघा. आधी आईला आधार, मग बाळाचा जीव, आणि मग गरज पडली तर नवं घर. आजचा कायदा ज्या क्रमाकडे आलाय, त्याच्या खूप जवळचा हा क्रम आहे.

कायद्यात तो क्रम यायला वेळ लागला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी दत्तकाविषयी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्या खटल्याची सुरुवात एका वकिलानं न्यायालयाला लिहिलेल्या पत्रानं झाली होती, आणि पत्राचा विषय होता परदेशी दत्तकातले गैरप्रकार. मूल परदेशात पाठवण्याआधी त्याच्यासाठी देशातच कुटुंब शोधा, असं न्यायालयानं सांगितलं. त्यातूनच १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा आली, जिला आपण 'कारा' म्हणतो. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला, १९९२ मध्ये भारतानं तो स्वीकारला. आणि सध्या जो लागू आहे तो २०१५ चा बालन्याय कायदा. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक. मुलाचं हित सर्वांत आधी, त्याचं म्हणणं ऐकलं जावं, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, ही त्या कायद्याची तत्त्वं आहेत.

गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण नव्हे

शेवटचा उपाय का? संस्था वाईट असतात म्हणून? तसं नाही. कित्येक बालगृहांत माणसं जीव ओतून काम करतात. पण एक काळजीवाहू बाई, पंधरा-वीस मुलं, आणि आठ तासांनी बदलणारी पाळी, यात तान्ह्या मुलाला 'माझं माणूस' सापडत नाही. रोमानियात २००० साली सुरू झालेला एक अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. संस्थांमधली १३६ लहान मुलं घेतली. चिठ्ठी टाकून निम्म्यांना पालक-घरांत पाठवलं, बाकीची संस्थेतच राहिली. वर्षानुवर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसांशी जुळवून घेणं, सगळं जास्त चांगलं वाढलं. त्यातही दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला.

आता आपल्याकडे या. आपण अजून सर्रास 'अनाथाश्रम' म्हणतो. पण तिथल्या अनेक मुलांना आई असते, नाहीतर वडील असतात, कधी दोघंही असतात. मग ती तिथे का असतात?

समजा, बीड जिल्ह्यातलं एक गाव आहे. नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जातात. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे जोडपं. उचल मिळते ती कोयत्याला. नवरा वारला की बाईचा कोयता अर्धा होतो, म्हणजे तिला मुकादम सहसा घेत नाही. पदरी दोन मुलं, घरात म्हातारी सासू. अशा वेळी गावातलं कुणीतरी अगदी कळवळून सांगतं, "पोरांना आश्रमात टाक, निदान दोन वेळचं खातील, शिकतील." बाई मुलं सोडून येते. मुलांना आई आहे, आईला मुलं हवी आहेत, आणि तरी ती वेगळी होतात.

या बाईला काय मिळू शकलं असतं? संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. आणि मुलांसाठी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना, जिचं आता पूर्ण नाव आहे 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना'. एक पालक गेलेलं, दोन्ही गेलेले, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेलं, अशा मुलांना घरीच राहून वाढता यावं म्हणून ही योजना आहे. पूर्वी मुलामागे महिन्याला ११०० रुपये मिळायचे, २०२३ पासून ते २२५० झाले. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, बँक पासबुक असे कागद लागतात. मग गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश देते.

२२५० रुपयांत घर चालत नाही, हे आम्हालाही कळतं. पण वही-पुस्तकं, एसटीचा पास, आजारपण एवढं निघालं, तरी 'पोरांना टाक' या सल्ल्याला नाही म्हणण्याइतकं बळ त्या बाईला मिळतं. आणि एक साधा हिशोब करा. तेच मूल संस्थेत गेलं, तर सरकारचाही खर्च होतोच. मग तो पैसा मुलाबरोबर त्याच्या घरी का जाऊ नये?

अडचण अशी की ज्या बाईला योजना हवी, तिला तिचं नावच माहीत नसतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य यांना आम्ही नेहमी सांगतो, गावात एखादा कर्ता माणूस वारला की तेराव्याच्या आधी त्या घरातल्या मुलांची यादी करा. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बहुतेक गावांत असते. तिचं पहिलं काम हेच असायला हवं.

दत्तकाला एवढा वेळ का लागतो?

आता दुसरी बाजू. मूल होत नाही म्हणून दत्तकासाठी नाव नोंदवलेली जोडपी आम्हाला विचारतात, "इतकी मुलं रस्त्यावर आहेत, मग आम्हाला तीन-तीन वर्षं थांबावं का लागतं?" प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचं दुःख खरं आहे. अलीकडच्या वर्षांत कारामध्ये नोंदणी केलेल्या इच्छुक पालकांची संख्या तीस हजारांच्या पुढे गेली. त्याच वेळी कायद्यानं दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं दोन-अडीच हजारांच्या आसपास. त्यातही मोठी मुलं आणि खास काळजीची गरज असलेली मुलं बरीच. बहुतेकांना हवं असतं तान्हं, निरोगी बाळ. म्हणून रांग लांबते.

सिग्नलवर दिसणारं मूल दत्तकासाठी 'मोकळं' नसतं. त्याला बहुधा आईबाप असतात. मूल दत्तक देता येण्याआधी दोन गोष्टींची खात्री करावी लागते: त्याला खरंच कुणी नाही, किंवा आईवडिलांनी विचार करून त्याला दिलं आहे.

सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मग घरच्यांचा शोध सुरू होतो. पोलीस चौकशी करतात, वर्तमानपत्रात फोटोसह माहिती दिली जाते. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत समितीनं निर्णय द्यायचा असतो. आणि आई स्वतः बाळ देत असेल, तर तिला समितीसमोर समुपदेशन मिळतं, ती कागदावर सही करते, आणि सहीनंतरही तिला दोन महिने फेरविचाराला मिळतात. तिची ओळख गुप्त राहते. परिस्थितीपुढे हतबल होऊन मूल सोडणाऱ्या आईवर कायदा गुन्हेगार म्हणून बोट ठेवत नाही. हे फार कमी जणांना माहीत आहे. माहीत असतं तर उकिरड्यावर, मंदिराच्या पायरीवर सापडणारी बाळं कमी झाली असती.

ते दोन महिने वाट पाहणाऱ्या जोडप्याला फार मोठे वाटतात. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांत, घरच्यांच्या दबावाखाली सही केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला मात्र तेवढाच वेळ असतो, आपलं मन काय म्हणतंय ते ऐकायला. एका घराचं सुख दुसऱ्या आईच्या घाईवर उभं राहू नये, यासाठी तो थांबा आहे.

पुढची प्रक्रिया थोडक्यात सांगतो. कारावर ऑनलाइन नोंदणी, समाजकार्यकर्त्याची गृहभेट आणि अहवाल, क्रमांक आल्यावर मुलाची माहिती, मग भेट. मुलाचं वय आणि समज बघून त्याचंही म्हणणं विचारात घ्यायचं असतं. दत्तकाचा आदेश आधी न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, कुणीही दत्तक घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. आणि २०१४ च्या शबनम हाश्मी निकालानं स्पष्ट झालंय की या कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते.

नात्यातलं दत्तक, हिंदू दत्तक कायद्यानुसार होणारं, अजूनही आहे. पण अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल परस्पर देऊन टाकायचा अधिकार शेजाऱ्याला, दवाखान्याला किंवा संस्थेच्या विश्वस्ताला नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, नोटरी केली, म्हणून ते दत्तक होत नाही. मुलाची खरेदी-विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. दवाखान्याच्या माणसानं ती केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. आणि शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, असं आलेलं मूल कायम टांगणीवर राहतं. वारसाहक्क नाही, कागद नाहीत, आणि कुणीतरी येऊन त्याला परत नेईल ही भीती.

घरच धोक्याचं असेल तेव्हा

आतापर्यंत आम्ही घर, घर म्हणत आलो. आता त्याची दुसरी बाजू. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत दरवर्षी एकच चित्र दिसतं. दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा, शिकवणीचे सर. २००७ मध्ये केंद्र सरकारनं तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते, निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. म्हणजे हा विषय 'त्यांच्या' घरातला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली तेव्हा सगळं राज्य हादरलं. शाळांत कॅमेरे आले, समित्या आल्या. ते हवंच. पण कॅमेरा दिवाणखान्यात नसतो. घरात मुलाचं संरक्षण करणारी गोष्ट एकच. ते बोललं तर त्याचं ऐकलं जाईल, हा त्याचा अनुभव.

आणि तो अनुभव आपण लहानपणापासून देतो किंवा देत नाही. पाहुणे आले की आपण म्हणतो, "काकांना पापा दे. दे की गं, असं काय करतेस?" मूल अंग चोरतं, आपण हसतो. त्यातून ते शिकतं की माझ्या अंगाबद्दल मोठ्यांनी ठरवायचं, आणि मी 'नको' म्हटलं की माझंच चुकतं. त्याऐवजी "नको वाटतंय? बरं, लांबूनच नमस्कार कर" एवढं म्हटलं तर काका रागावतील फार तर. शरीराच्या अवयवांची खरी नावं मुलांना सांगा. टोपणनावांमुळे मूल काय सांगतंय हे पोलिसांना, डॉक्टरांना कळत नाही.

मूल काही बोललं तर? आधी शांत राहा. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही," हे म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या नातेवाइकांसमोर विचारू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेनं, डॉक्टरांनी, आत्यानं, सगळ्यांनी. 'घरातलं घरात मिटवू' हा पर्याय कायद्यानं ठेवलेला नाही.

लोक घाबरतात ते मुलाला पोलीस ठाण्यात न्यावं लागेल म्हणून. त्यासाठी कायद्यात तरतूद आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशात नसताना घ्यायचा. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनं, विश्वासातल्या माणसासमोर करायची. खटल्यादरम्यान सोबतीला सहायक व्यक्ती मिळते. नाव, फोटो, शाळा, काहीही छापता येत नाही. प्रत्यक्षात हे सगळीकडे नीट होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण नियम माहीत असला की मागता येतो.

मग आधी म्हटलेल्या 'घर आधी' या तत्त्वाचं काय? ते मुलासाठी आहे, मोठ्यांच्या इज्जतीसाठी नाही. घर असुरक्षित असेल तर बालकल्याण समिती मुलाला तिथून हलवू शकते. पण तेव्हाही विचार त्याच क्रमानं व्हायला हवा. घराबाहेर आरोपीला काढता येईल का? आजी किंवा मावशी सांभाळेल का? फॉस्टर केअर, म्हणजे तात्पुरतं पालक-घर, मिळेल का? आणि सगळ्यात शेवटी संस्था. नाहीतर शिक्षा बापाला व्हायची ती मुलीला होते. तिची शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, आई सुटते. आणि ती मनाशी ठरवते की बोलले हेच चुकलं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : दत्तक मुलाला ते दत्तक आहे हे कधी सांगावं?

उत्तर : 'कधी' असा एक दिवस ठरवू नका. पाळण्यातल्या गोष्टीपासूनच सुरुवात करा. "आम्ही तुला आणायला गेलो तेव्हा..." ही गोष्ट ऐकत मूल मोठं होऊ दे. लग्नाच्या वेळी किंवा भांडणात तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तर मुलाला दत्तक असण्याचं दुःख होत नाही, आपल्याशी इतकी वर्षं खोटं बोलले याचं होतं. मोठं झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घ्यायची वाटही दत्तक नियमांत आहे. जन्मदात्या आईची गुप्तता राखूनच.

प्रश्न : शेजारी मुलाला फार मारतात. तक्रार केली आणि चूक निघाली तर?

उत्तर : १०९८ ला फोन करा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता देशभर चालते, फोन मोफत, चोवीस तास. तुम्ही न्यायनिवाडा करायचा नाहीये, फक्त कळवायचंय. चौकशी करणं त्यांचं काम. पोक्सोच्या बाबतीत तर कायद्यातच आहे की सद्हेतूनं माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. आणि खरं सांगायचं तर, चूक निघाली तर आनंदच आहे. मूल सुखरूप आहे असा त्याचा अर्थ.

प्रश्न : तो व्हॉट्सॲप मेसेज पुन्हा आला तर काय करायचं?

उत्तर : पुढे पाठवू नका. त्यातला फोन नंबर १०९८ ला किंवा तुमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवा. आणि ज्यानं पाठवला त्याला एकच प्रश्न विचारा: "बाळाची आजी कुठे आहे?" उत्तर मिळालं तर ते समितीला सांगा. नाही मिळालं, तरी पाठवणारा पुढच्या वेळी थांबेल.

इथेच थांबतो.